सावली सरकायली, मास्तर

राखी वटवट्या म्हणजे सात-आठ ग्रॅमचा जीव. दोन चमचे साखर तळहातावर घ्या, साधारण तेवढंच वजन. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असा एक पक्षी माझ्या हलगर्जीपणामुळे मेला. मला कुणी दोष दिला नाही. ज्या कागदावर त्याची नोंद झाली, त्यावर माझं नावही नाही. तरी तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. तो अपराधाचा आहे असं मला वाटत नाही. अपराध मी मान्य केला, तो विषय संपला. प्रश्न वेगळा आहे आणि तो नीट मांडता येतो का, ते इथे पाहतो.

माझी भाची पक्ष्यांवर संशोधन करते. गोदावरीवरच्या एका धरणाच्या फुगवट्याकाठी तिचं काम चालू होतं. काम म्हणजे पक्षी पकडायचे, वजन-मापं घ्यायची, पायात नंबर कोरलेली अॅल्युमिनियमची रिंग घालायची आणि सोडून द्यायचे. परवानग्या रीतसर होत्या, तिचं प्रशिक्षणही झालेलं होतं. मी नांदेडला आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तिचा फोन आला, "मामा, हात कमी पडतायत, दोन दिवस येता का?" मी गेलो. बेडूक कापायला शिकवलेला माणूस मी, पक्षी हातात धरण्याचं मला काय विशेष, असं तेव्हा वाटत होतं.

उन्हाळ्यातला फुगवटा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाणी मैलभर आत सरकलेलं असतं. मागे उरलेल्या गाळपेऱ्याच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. काठाला बेशरमाची झुडपं, त्यापुढे पाणकणसाचा पट्टा, मग चिखल आणि मग कुठे पाणी. हिवाळ्यातली पाहुणी बदकं मार्चमध्येच उत्तरेला गेलेली. मागे राहतात ती आपली माणसं: शेकाटे, टिटव्या, खंड्या, वेडे राघू, मुनिया, वटवटे. टिटवीनं उघड्या ढेकळांत अंडी घातलेली असतात आणि जवळ गेलं की ती डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देते. हे पक्षी कुठेही जात नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहतही नाही. भाचीला तेच पाहायचं होतं. इथलेच, बारमाही पक्षी पाणी आटल्यावर काय करतात? तेच पक्षी पुढच्या वर्षी असतात, की त्यांच्या जागी दुसरे आलेले असतात? सगळे वटवटे सारखेच दिसतात. पायात नंबर असल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

पहाटे पाचच्या आधी जाळी उघडली. बारीक काळ्या धाग्याची ती जाळी झुंजुमुंजू उजेडात खरोखर दिसत नाही. पक्षी आपल्या नेहमीच्या वाटेनं येतो, धागा लागतो आणि खालच्या झोळीत अलगद पडतो. दर वीस मिनिटांनी फेरी मारायची, उन्हं चढू लागली की त्याहून लवकर. पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालायचा, नाडी ओढायची, पिशवी टेबलाजवळच्या दोरीला अडकवायची. अंधारात पक्षी शांत राहतो. मग एकेक काढायचा. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला, बाकी बोटांचा नुसता पिंजरा, दाब नाही. भाचीनं माझ्या हातात पहिली मुनिया दिली तेव्हा मला पिसं जाणवली नाहीत, हाडंही नाहीत. जाणवले ते फक्त ठोके, आणि तेही मोजता येणार नाहीत इतके जलद. शाळेतल्या बेडकाला आम्ही आधी क्लोरोफॉर्म द्यायचो. जागा जीव असा मुठीत मी कधी धरलेला नव्हता.

माझ्याकडे काम सोपं होतं. जाळ्याकडून आलेल्या पिशव्या बाभळीखालच्या दोरीला लावायच्या आणि सावलीत राहतील हे पाहायचं. बस, एवढंच.

साडेसातच्या सुमारास बांधावरून एक म्हातारा आला. फासेपारधी. जवळच त्यांची चार-सहा पालं होती. बराच वेळ तो लांब उकिडवा बसून पाहत होता, मग जवळ आला.

"काय करायलाव मास्तर?"

मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. मी माझ्या परीनं समजावून सांगितलं. त्यानं जाळं न्याहाळलं, एक धागा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, "आमचा फासा घोड्याच्या केसाचा असायचा. आता नायलॉनचा. पर हे लई बारीक हाय."

"तुम्ही अजून धरता?"

तो हसला. "आमी धरलं की केस, तुमी धरलं की अभ्यास."

यावर मला उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी कायद्याचं सांगू लागलो. 1972 चा वन्यजीव कायदा, मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी वगैरे. तो ऐकत होता, पण मला माझ्याच बोलण्यात शाळेतल्या फळ्याचा वास येऊ लागला. म्हणून मी उलट त्यालाच विचारत सुटलो. लाव्हे कसे धरता, तित्तर कसा बोलावता. त्यानं तित्तराची हाक इतकी हुबेहूब काढली की पलीकडच्या तुराट्यांतून उत्तर आलं. मी रंगून गेलो. मध्येच तो म्हणाला, "सावली सरकायली, मास्तर."

मी "हो हो" म्हणालो आणि पुढचा प्रश्न विचारला.

दोरीच्या कडेची पिशवी उन्हात आली होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील. मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन आठ वाजताही चटका देतं, आणि पांढऱ्या कापडाच्या आत दोन चमचे साखरेएवढा जीव. भाचीनं पिशवी उघडली, पक्षी तळहातावर घेतला, चोच उघडी होती. तिनं त्याला सावलीत धरलं, चोचीच्या कडेला पाण्याचा थेंब लावला. तो गेलेला होता. तिनं तक्ता ओढला आणि लिहिलं. मी म्हणालो, "याला तर रिंगही घातली नव्हती, लिहायलाच हवं का?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामा, यालाच लिहायला हवं."

त्या दिवशी तिनं उरलेल्या पिशव्या पटापट मोकळ्या केल्या आणि जाळी मिटवली.

नंतर घरी येऊन मी वाचत बसलो. निवृत्त माणसाची ही सोय असते. पहिली गोष्ट कळली ती त्या जाळ्याची. मिस्ट नेट हे मूळचं शास्त्रज्ञांचं साधन नाहीच. जपानी शिकारी शेकडो वर्षं रेशमाच्या अशा जाळ्यांनी पक्षी धरत. कासुमी-आमी म्हणत त्याला, म्हणजे धुक्याचं जाळं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नजरेस पडलं आणि जगभर गेलं. म्हणजे फासा आणि अभ्यास यांत साधनाचा फरक नाही, म्हातारा बरोबर होता. रिंगची गोष्ट मात्र शाळामास्तराचीच निघाली. डेन्मार्कमधल्या विबॉर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं 1899 मध्ये साळुंकीच्या जातीच्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत नंबर आणि पत्ता कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या रिंगा घातल्या. त्याआधी त्यानं जस्ताच्या करून पाहिल्या होत्या, त्या जड झाल्या. जड होतात हे त्याला कळलं कसं, याचा विचार मी एरवी केला नसता.

आपल्याकडे 1920च्या दशकात धार संस्थानात बदकांना रिंगा घातल्या गेल्या. पण मोठं काम झालं ते सलीम अलींच्या देखरेखीखाली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीनं, 1959 पासून पुढे चौदा-पंधरा वर्षं. त्यामागे निमित्त होतं शिमोग्याकडच्या जंगलात 1957 मध्ये सापडलेल्या क्यासनूर तापाचं. हा रोग गोचिडांवाटे स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असेल काय, हे जागतिक आरोग्य संघटनेला जाणून घ्यायचं होतं. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित पैसाही आला, आणि सत्तरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीनं त्यावर प्रश्न विचारले. सलीम अलींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पक्ष्याच्या पायात घातलेला नंबर अखेर कुणाच्या टेबलावर जाऊन पडेल, हे घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं, एवढं त्यातून दिसतं. पक्ष्याला तर नसतंच.

या कामात पक्षी धरायला बिहारमधले मीरशिकार होते, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे. त्यांतले अली हुसेन पक्षीशास्त्रज्ञांच्या वर्तुळात जगभर ओळखले जाऊ लागले. पक्ष्याला इजा न करता धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. म्हणजे 'केस' आणि 'अभ्यास' यांच्यामधली वाट काही जणांना ओलांडता आली. मराठवाड्यातल्या एखाद्या पारध्याला ती कुणी दाखवली असेल, तर मला ऐकून बरं वाटेल.

आता आकडे. पक्षी जाळ्यानं धरताना किती मरतात, याचा अमेरिका-कॅनडातल्या रिंगिंग केंद्रांच्या नोंदींवरून अभ्यास झाला, 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. हजारात दोन-तीन. भाचीनं हा आकडा मला समजूत घालायला सांगितला होता. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. आकडा खराच आहे, आणि लहानही आहे. आपली मांजरं, आपल्या काचा, आपली कीटकनाशकं याहून किती तरी जास्त पक्षी मारतात. पण समजूत पटेना. हजारात तीन हा हिशेब ज्याला मांडायचा आहे त्याच्यासाठी आहे. त्या तिघांतल्या एकासाठी तो हजारात हजार आहे. हे वाक्य भावुक वाटेल, म्हणून त्याचा उलटा पुरावाही सांगतो. मिडवे बेटावर 1956 मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी एका लेसान अल्बाट्रॉस मादीच्या पायात रिंग घातली. 2024 मध्ये, सत्तरी केव्हाच ओलांडलेली ती मादी पुन्हा अंड्यावर बसलेली दिसली. समुद्रपक्षी इतकं जगतात आणि या वयात पिल्लं वाढवतात, हे त्या रिंगशिवाय कधीच कळलं नसतं. लांब दोऱ्यांच्या मासेमारीत अल्बाट्रॉस मरतात, हा धोका किती गंभीर आहे हे समजायला अशा नोंदी लागतात. एक पक्षी मेला की साठ वर्षांची माता मेलेली असू शकते.

म्हणजे ज्ञान वाचवतं. पण नेहमी नाही. पेंग्विनची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. पेंग्विनच्या पायात रिंग नीट बसत नाही म्हणून पंखाच्या वल्ह्याला धातूची पट्टी लावायची पद्धत होती. क्रोझे बेटांवरच्या किंग पेंग्विनांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी दहा वर्षं लक्ष ठेवलं, काहींना पट्टी, काहींना नाही. 2011 मध्ये निष्कर्ष आला: पट्टीवाल्यांना 39 टक्के कमी पिल्लं झाली आणि त्यांचं तगून राहण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी घटलं. पट्टीमुळे पोहताना पाणी अडत होतं. आणि कित्येक वर्षं या पट्ट्यांच्याच आधारे समुद्र तापल्याचा पेंग्विनांवर काय परिणाम होतो, हे मोजलं जात होतं. मोजणारा हात मोजमापात मिसळून गेला होता. त्या शास्त्रज्ञांचं मला कौतुक वाटतं, कारण आपल्याच साधनाविरुद्ध साक्ष त्यांनीच दिली. पण आधीच्या पेंग्विनांचं काय, हा हिशेब कुणाच्या वहीत आहे?

इथे मला लहानपणी पाठ्यपुस्तकात वाचलेली चक्रधरस्वामींची गोष्ट आठवते. शिकाऱ्यांच्या भयानं पळणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो आणि ते त्याला देत नाहीत. नांदेडच्या शाळेत ती मी मुलांना कितीदा सांगितली असेल. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात ससा स्वतः आला होता. शरण आलेल्याला राखायचं, हे आपल्याला समजतं, ते आपल्या हाडीमाशी आहे. ज्याला आपणच धरून आणलं, त्याचं काय? त्याला राखण्याचं कर्तव्य कमी असतं, की जास्त? मला वाटतं जास्त, कितीतरी जास्त. ससा आला नसता तर स्वामींवर काहीच ऋण नव्हतं. वटवट्या मात्र पिशवीत आला तो आमच्यामुळे. त्याच्या अंगावरची सावलीसुद्धा तेव्हा आमच्याकडून उसनी होती. एरवी तो ऊन लागलं की पाणकणसात शिरला असता. आम्ही त्याचं ते शहाणपण काढून घेतलं आणि त्याजागी माझं लक्ष ठेवलं. आणि माझं लक्ष तित्तराच्या हाकेत होतं.

पक्ष्याची संमती नसते, हे तर उघडच आहे. पण संमती नसताना नंबर घालणं म्हणजे काय, हे मला त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यामुळे जास्त कळलं. वटवट्या मेल्यानंतर भाची तक्ता भरत होती, तेव्हा त्यानं विचारलं, "ह्या वाळ्याचं पुढं काय होतंय?" मी म्हणालो, "हा पक्षी पुन्हा कुठं सापडला, तर कळेल कुठून आला, केव्हा आला." तो म्हणाला, "हजेरी." मग म्हणाला, "माझा आज्जा सोलापूरच्या सेटलमेंटात होता. त्याला रोज हजेरी होती."

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा मला पुस्तकातून ठाऊक होता. जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, तारेच्या कुंपणातली सोलापूरची वसाहत, रोजची हजेरी, 1952 मध्ये मिळालेली मुक्ती. पण त्याच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर मी भाचीच्या तक्त्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. नंबर, तारीख, वेळ, जागा, वजन, शेरा. जगातला कुठलाही हजेरीपट असाच दिसत असणार. तुलना ताणू नये, पक्षी आणि माणूस एक नाहीत. पण नंबर घालणाऱ्याला नेहमीच वाटतं की आपला हेतू चांगला आहे. सेटलमेंट चालवणारेही सुधारणाच करत होते, असं त्यांचे अहवाल म्हणत.

दुसरी बाजू मला लातूरनं दाखवली होती. माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई, लातूरला राहते. 2016 च्या उन्हाळ्यात तिथे पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली खेप दहा टाक्यांची, पाच लाख लिटर. बहिणीच्या गल्लीत घागरींना नंबर होते. ज्याची घागर रांगेत नाही, त्याला पाणी नाही. तेव्हा नंबर म्हणजे अपमान नव्हता, नंबर म्हणजे हक्क होता. भाची तेव्हा कॉलेजात होती, ती रांगेत उभी राहिली आहे. धरणाच्या पाण्याचं वाटप होतं तेव्हा पिण्याचं, शेतीचं, कारखान्याचं असं कागदावर लिहिलेलं असतं. पाणकणसातल्या वटवट्यांचं कुठे लिहिलेलं नसतं, कारण ते तिथे आहेत याचा कागदच नाही. तिला तो कागद करायचा आहे. "मामा, नोंद नसलेल्याला कुणी पाणी देत नाही," असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

म्हणजे तीच रिंग हजेरी होऊ शकते आणि तोच दाखला होऊ शकतो. म्हाताऱ्याच्या नातवाला जातीचा दाखला मिळत नव्हता, कारण जुना पुरावा मागतात आणि पालावर पुरावा कुठला. आज्ज्याची रोज नोंद होत होती, नातवाची एक सापडत नाही. मी बराच विचार केला तेव्हा मला फरक एवढाच दिसला की हजेरीत ज्याची नोंद होते, तो बांधला जातो. दाखल्यात नोंद करणारा बांधला जातो. भाचीनं मेलेल्या पक्ष्याचा शेरा लिहिला तेव्हा ती स्वतःला बांधून घेत होती. मी तो टाळायला सांगत होतो, म्हणजे मला पक्ष्यावर हक्क हवा होता आणि त्याचं ओझं नको होतं. बहुतेक अन्याय असेच होत असावेत, दुष्टपणानं नाही, ओझं नको म्हणून.

मग धरावेच का पक्षी? माझं मत विचाराल तर, धरावेत. पण 'हजारात तीन' हा आकडा परवानगीसारखा वापरू नये. तो कर्जासारखा वागवावा, एवढं मला वाटतं. हे उत्तर अपुरं आहे हे मला कळतं. त्या वटवट्याला या कर्जफेडीतलं काही मिळणार नाही.

दुसऱ्या पहाटे म्हातारा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की कालचा पक्षी उन्हानं गेला. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तो काही बोलला नाही. जरा वेळानं म्हणाला, "माझ्या नातवाला ह्या कामावर घेतील का? जाळं त्याला कळतंय." मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, मजुरीला पैसेच नाहीत या प्रकल्पात." मग ती थोडं थांबून म्हणाली, "पुढच्या अर्जात घालते."

अर्ज एकदा परत आला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. गेल्या मे महिन्यात मी पुन्हा तीन दिवस गेलो होतो. नातू होता, सतरा-अठरा वर्षांचा, फार न बोलणारा. पहिल्या पहाटे त्यानं अंधारातच बाभळीची दोरी सोडली आणि पलीकडे पडक्या पंपघराच्या पश्चिमेच्या भिंतीला नेऊन बांधली. मी विचारलं, इतक्या लांब कशाला? जाळ्याकडून तिथवर जायला जास्त चालावं लागत होतं. त्यानं भिंतीवर हात ठेवून दाखवला, ऊन इथवर दहाला येतंय. जाळी आम्ही साडेआठला मिटत होतो.